फी माफ झाली म्हणजे कॉलेज फुकट झालं असं नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका भावाने विचारलंय, बहिणीचा कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला, घरी चार एकर कोरडवाहू, ओबीसी, वडिलांचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. मुलींना फी पूर्ण माफ असं सगळीकडे ऐकलं आणि कॉलेजने मात्र ॲडमिशनच्या दिवशी ९० हजार भरा म्हणून सांगितलं. मग माफ काय झालं नक्की, कॉलेज सगळ्यांनाच फुकट करायला पाहिजे का, आणि होत नाही तोवर आमच्यासारख्यांनी झेपवायचं कसं?

मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात २७ वर्षं काम केलं, त्यातली बहुतेक शिष्यवृत्तीच्या टेबलावर. रिटायर झाले तरी जून-जुलै आला की कॉलेजवाले बोलावतात, मी जाते, फॉर्म तपासत बसते. त्यामुळे जे सांगतेय ते खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे.

पहिलं तुझ्या बहिणीचं बोलू कारण ते तातडीचं आहे. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, २०२४-२५ पासून लागू झालेला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून झालेली असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरणार, आधी हे निम्मंच होतं. म्हणजे तुझी बहीण यात बसते. पण शब्द नीट वाच, ट्यूशन फी आणि परीक्षा फी एवढंच. डेव्हलपमेंट फी यात नाही, होस्टेल नाही, मेस नाही, डिपॉझिट नाही, बस नाही, युनिफॉर्म नाही. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली सीट नाही, आणि अभिमत विद्यापीठ किंवा खाजगी विद्यापीठ असेल तर तेही नाही, तिथे तर कित्येक पालक फसतात कारण नावात कॉलेज असतं आणि आत गेल्यावर कळतं की हे खाजगी विद्यापीठ झालंय.

आता ते ९० हजार. त्यातलं काय काय आहे ते कॉलेजकडून लेखी मागून घे, हेडवाईज. शुल्क नियामक प्राधिकरणाने प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची फी ठरवून दिलेली असते आणि ती त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजच्या नावाने बघायला मिळते, ट्यूशन किती डेव्हलपमेंट किती. २०१५ च्या कायद्याने हे प्राधिकरण आहे, त्याच्यावर एक रुपया जास्त घेता येत नाही. डेव्हलपमेंट फी तुम्हाला भरावी लागेल, ते खरं आहे. पण ट्यूशन फी जर "आत्ता भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ" म्हणून मागत असतील तर नाही म्हण. भांडू नको, जीआरची प्रिंट घेऊन जा, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज करणार असल्याचं हमीपत्र दे, आणि तरी ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसला लेखी तक्रार टाक, पोच घे. माझा अनुभव असा की लेखी अर्ज टेबलावर पडला की दहातल्या बऱ्याच वेळा कॉलेज नरमतं. तोंडी विनवण्या केल्या की नाही नरमत.

आणि एक, ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेऊ देऊ नको. यूजीसीने २०१८ लाच सांगितलंय की तपासून परत द्यायची. तरी अडवून ठेवतात, फी राहिली म्हणून टीसी देत नाहीत, हे मी बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

आता मोठा प्रश्न, कॉलेज फुकट असावं का. माझं उत्तर हो. पण मी ज्या क्रमाने करीन तो क्रम वेगळा आहे, आणि तो मला एका पोराने शिकवला.

नाव नाही सांगत. व्हीजेएनटीतला, म्हणजे विमुक्त-भटक्या जमातींतला होता, तांड्यावरचा, बीएस्सीला आमच्याकडे. त्या प्रवर्गाला फी शंभर टक्के माफच होती, म्हणजे कागदावर त्याचं शिक्षण फुकटच. हुशार, पहिल्या बाकावर बसणारा. ऑगस्टमध्ये फॉर्म भरायला आला तेव्हा मी त्याचं पासबुक उघडलं, शिल्लक होती ११२ रुपये. म्हटलं राहतोस कुठे, म्हणाला रूम केलीय चौघांत, डबा दोघांत एक. दोघांत एक डबा म्हणजे काय ते ज्यांनी काढलंय त्यांना माहितीय, तीन चपात्या एकाला तीन दुसऱ्याला, भाजी झाकणात अर्धी काढून घ्यायची आणि भात जो नंतर येईल त्याला. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो आलाच नाही. दोन महिन्यांचे मेसचे पैसे थकले होते, मेसवाल्या मावशी चांगल्या होत्या, त्यांनी तगादा लावला नव्हता, यालाच तोंड दाखवायची लाज वाटली. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. आणि मार्चमध्ये शिष्यवृत्ती मंजूर झाल्याची यादी आली त्यात त्याचं नाव. मी ती यादी बोर्डावर लावली तेव्हा त्याच्या नावासमोर थांबले खूप वेळ.

त्या पोराला फी ने नाही हाकललं. डब्याने हाकललं. आणि पैसे आले पण सहा महिने उशिरा आले.

म्हणून मी म्हणते की फुकट शिक्षण म्हणजे फक्त फी माफी समजू नका. तुझ्या बहिणीचाच हिशोब कर ना. पुण्यात कॉट बेसिसवर जागा साधारण चार-पाच हजार, दोन वेळचा डबा तीन-साडेतीन हजार, वर जाणंयेणं, रिचार्ज, झेरॉक्स, प्रोजेक्ट, म्हणजे महिन्याला नऊ-दहा हजार कुठे गेले नाहीत, दहा महिन्यांचे लाखाच्या आसपास, चार वर्षांचे चार लाख. हे सगळं कोणत्याही फी माफीच्या बाहेर आहे. चार एकर कोरडवाहूवाल्या घराला हा आकडा फीपेक्षा जड जातो कारण फी एकदा मागतात, पोट रोज मागतं.

आणि वेळ बघ. ॲडमिशन जुलै-ऑगस्टमध्ये. शेतकऱ्याच्या घरात त्या वेळी पैसा कुठे असतो, बी-बियाणं, खत, फवारणी सगळं नुकतंच जमिनीत घातलेलं असतं. सोयाबीन बाजारात येणार ऑक्टोबरात, कापूस त्याच्याही पुढे. म्हणजे घरात वर्षातली सगळ्यात मोठी कडकी असते तेव्हाच कॉलेज म्हणतं भरा. मग सावकार, नाहीतर आईचं डोरलं. माझ्या खिडकीत कितीतरी बापांनी धोतराच्या सोग्यातून, पिशवीच्या तळातून नोटा काढून मोजल्यात, त्या नोटा कुठून आल्या हे विचारायची गरजच नसायची. हेच कॉलेजांनी पहिला हप्ता दिवाळीनंतर घ्यायचा ठरवला तर एक रुपया माफ न करता कित्येक घरांचं व्याज वाचेल. हे मी आमच्या कॉलेजात मांडलं होतं, आणि ते दोन वर्षं चाललंही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे बरोबर कळलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात काय काढलं, बोर्डिंगं काढली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित सगळ्या समाजांच्या पोरांसाठी वसतिगृहं. पोरगं गावातून शहरात आलं तर राहील कुठे आणि खाईल काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, आणि बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते मंगळसूत्र कुणाच्या फीसाठी नाही गेलं, जेवणासाठी गेलं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ ला विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही खेड्यातून आलेल्या पोरांच्या राहण्याजेवणासाठीच, आजही तिथे पोरं कामं करून शिकतात. बहिणीसाठी तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज आजच टाक, जागा मर्यादित असतात आणि मुलाखत होते.

मग सरकारने फीच का पकडून ठेवली? कारण १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू करायला परवानगी दिली. त्याआधी सीटाच इतक्या कमी होत्या की आपली पोरं कर्नाटकात जाऊन डोनेशन भरत होती, त्यामुळे मी त्या निर्णयाला सरसकट नावं ठेवणार नाही, त्यातून गावोगावची पोरं इंजिनिअर झाली. पण त्यानंतर सीट वाढल्या त्या जवळजवळ सगळ्या खाजगीतच. सरकारी कॉलेजं त्या प्रमाणात वाढलीच नाहीत. मग फी मोठी झाली, मग फी माफीची मागणी, मग सरकार खाजगी कॉलेजला फीचे पैसे परत देणार अशी सगळी रचना तयार झाली. आणि या रचनेत पैसा सरकारकडून निघतो, कॉलेजकडे जातो, मध्ये सहा महिने, कधी वर्ष लागतं, आणि तो सगळा काळ कॉलेज कुणाचा गळा धरतं तर विद्यार्थ्याचा. हॉलतिकीट अडव, निकाल अडव.

म्हणून माझं म्हणणं असं, सरकारी आणि अनुदानित कॉलेजात फी सरसकट शून्य करा. सगळ्यांना. दाखला नको, उत्पन्न नको, जात नको. तुला आश्चर्य वाटेल पण अनुदानित कॉलेजात बीएची ट्यूशन फी अजूनही काही शे रुपये आहे, आणि ती माफ करून घ्यायला पोरगं तहसीलला तीन हेलपाटे घालतं, बसभाडं, सेतूवाल्याचे पैसे, आईचा बुडालेला रोज, हे धरलं तर माफीपेक्षा खर्च जास्त होतो. मी स्वतः पोरांना सांगितलंय की बाळा याच्या मागे लागू नको, त्यापेक्षा अभ्यास कर. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या बाईने असं सांगावं यातच सगळं आलं.

श्रीमंतांच्या पोरांना कशाला फुकट, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. रास्त आहे. पण मी टेबलावर काय बघितलं सांगू का, उत्पन्नाची अट असते तिथे खोटा दाखला आणणारे आणतातच. दारात चारचाकी आणि दाखल्यावर ऐंशी हजार असे मी बघितलेत, आणि जिचा नवरा वारलाय, रेशनकार्डात अजून सासऱ्याचं नाव आहे अशा बाईला तो दाखला वेळेत मिळत नाही. चाळणी लावली की भलतेच वर राहतात. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून कराने घ्या, कॉलेजच्या दारात नका चाळू.

आणि फुकट दिलं की किंमत राहत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, माझ्या इतक्या वर्षांत सगळ्यात नेमाने लेक्चरला बसणारी पोरं ही शिष्यवृत्तीवालीच बघितली मी. फुकट मिळालंय हे त्यांच्या डोक्यात कधीच नसतं, आपल्यामुळे घरातलं कोण काय करायचं थांबलंय हे असतं.

जर्मनीचं उदाहरण हल्ली सारखं देतात, तिकडे शिक्षण फुकट म्हणून. आपल्या गावातली पोरंही जायला लागलीत. खरंय, बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण जाणाऱ्याला विचारा, व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटला (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वरच. तिथेसुद्धा फी शून्य आणि पोटाचं तुमचं तुम्ही बघा. परत तेच आलं.

विनाअनुदानितच्या बाबतीत मात्र नुसती फी भरत राहणं मला पटत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी सीटा वाढवा आणि प्रत्येक तालुक्याच्या गावाला मुलींचं आणि मुलांचं वसतिगृह करा, मेससकट. आहेत त्या निर्वाह भत्त्याच्या योजना चांगल्या आहेत, एससी आणि नवबौद्धांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयं, खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, आणि तुझ्या बहिणीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात या आधार योजनेत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळू शकतात. म्हणजे वरच्या हिशोबातला अर्ध्याहून जास्त भाग. पण योजना सुरू झाली तेव्हा जिल्ह्यामागे ६०० मुलांचीच मर्यादा होती. एका जिल्ह्यात बारावी होणारी ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी (विशेष मागास) पोरं किती, सहाशे म्हणजे काहीच नाही. आणि पैसे हप्त्याने, मागाहून. ॲडमिशन झाल्याबरोबर पहिल्या महिन्यात पहिला हप्ता खात्यात पडला पाहिजे, एवढी एक गोष्ट झाली तरी दिवाळीला गेलेली पोरं परत येतील.

कर्जाबद्दलही सांगते, कारण शेवटी बरेच जण तिकडे वळतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला क्रेडिट गॅरंटी योजनेत तारण लागत नाही, तरी गावाकडच्या शाखेत सातबारा मागतात. देऊ नको. नकार देत असतील तर लेखी दे म्हण. वडील पीककर्जाचे थकबाकीदार असतील तर अडवणूक होणार हे धरून चाल. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज किंवा कोर्सला नॅक किंवा एनबीए या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थांचं मानांकन असेल तर शिक्षण चालू असतानाचं आणि पुढच्या वर्षभराचं व्याज केंद्र सरकार भरतं, त्यासाठी अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर दे, बँक आपणहून सांगत नाही. पण माझा सल्ला, पहिल्या वर्षी कर्ज काढूच नको. आधी माफी, आधार योजना, वसतिगृह, विद्यापीठाची कमवा-शिका हे सगळं लावून बघ, उरेल तेवढ्याच रकमेचं दुसऱ्या वर्षी काढ. जी ट्यूशन फी सरकार भरणारच आहे ती भरायला कर्ज काढलेली घरं मी बघितलीत, परतावा आला तो कुठे गेला कळलं नाही आणि हप्ता मात्र राहिला.

आता कागद. ओबीसी म्हणजे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा, डोमिसाइल, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. महाडीबीटीवर अर्ज करताना ओबीसीच्या विभागातली ट्यूशन फी-परीक्षा फीची योजना निवड, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ती वेगळी, ती ईडब्ल्यूएस-एसईबीसी-खुल्यासाठी, चुकीच्या योजनेत अर्ज टाकला की तो पडून राहतो आणि तारीख निघून जाते. आणि पोर्टलवर 'राइट टू गिव्ह अप' म्हणून एक पर्याय आहे, म्हणजे मी शिष्यवृत्तीचा हक्क सोडते. नेट कॅफेत घाईघाईत पोरं त्यावर हो करून मोकळी होतात, नंतर तो परत फिरवायला कॉलेज आणि जिल्हा ऑफिस असे हेलपाटे. तिथे बोट जाऊ देऊ नको.

शेवटचं खात्याचं, यात सगळ्यात जास्त पैसे अडकतात. खात्याला आधार कार्ड "लिंक" आहे म्हणून बँकेत सांगतात आणि पोरं निर्धास्त होतात. तसं नसतं. सरकारचा पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधार क्रमांकाला जे खातं सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं, आहे त्याच खात्यात जातो, तुम्ही फॉर्ममध्ये कुठलंही पासबुक जोडा. आमच्याकडे एका मुलीचे शिष्यवृत्तीचे पैसे दोन वर्षं दिसत नव्हते, पोर्टलवर जमा, पासबुकात नाही. शोधता शोधता कळलं की सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिचं एक खातं उघडलं होतं, आणि तेच सीड झालं होतं. पैसे सगळे तिथे होते, तिला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. ते पैसे काढले त्या दिवशी ती पेढे घेऊन आली आणि माझ्या टेबलाजवळ उभी राहून रडली.

तर बहीण पुण्याला निघायच्या आधी तिला बँकेत घेऊन जा, आधार सीडिंगचं स्टेटस काढून त्याची प्रिंट घे, खातं तिचं स्वतःचं आणि चालू असू दे, जनधन असेल तर त्यात वर्षाला रक्कम जमा होण्याची मर्यादा किती आहे ते मॅनेजरला विचार. आणि गणपतीला ती गावी येईल तेव्हा अभ्यासाचं विचारशीलच, त्याबरोबर मेसचे किती दिले, किती राहिले हेही विचार. ती आपणहून सांगणार नाही.